दोन वर्षांची खिडकी आणि मध्ययुगाचा इतिहास

मंडळी, एखादं संशोधन-नियतकालिक 'वजनदार' आहे असं आपण म्हणतो, ते कशावरून? हल्ली याचं तयार उत्तर असतं इम्पॅक्ट फॅक्टर. युजीन गारफिल्ड यांची ही कल्पना मुळात विज्ञानाच्या नियतकालिकांसाठी होती. हिशेब सोपा आहे. समजा, एका नियतकालिकात २०२१ आणि २०२२ मिळून ३० लेख आले आणि २०२३ मध्ये इतरांनी त्यांचे १२ संदर्भ दिले. १२ भागिले ३०, म्हणजे ०.४. झालं.

आता हे इतिहासाला लावून बघा. रामशरण शर्मांचं 'इंडियन फ्यूडॅलिझम' १९६५ चं. भारतात सरंजामशाही होती, अशी त्यांची मांडणी. त्यावर हरबन्स मुखियांनी १९८१ मध्ये 'जर्नल ऑफ पेझंट स्टडीज'मध्ये लेख लिहिला. प्रश्न एकच: आपल्या इतिहासात सरंजामशाही होती तरी का? मोठा वाद पेटला. शर्मा, इरफान हबीब वगैरेंचे लेख असलेला त्याच नियतकालिकाचा विशेषांक कधी आला? १९८५ मध्ये! सगळी चर्चा पुस्तकरूपानं आली १९९९ मध्ये. दोन वर्षांच्या हिशेबात १९८१ च्या लेखाचे फक्त १९८२ आणि १९८३ मधले संदर्भ धरले जातात. म्हणजे खुद्द शर्मांचं उत्तरच हिशेबाबाहेर. पाच वर्षांचाही आकडा काढतात, त्यात १९८५ बसतं. पुढचं सगळं गळतंच.

हा उशीर आळसाचा नाही बरं का. फार्सी फर्मानं वाचायची, मोडी रुमाल सोडायचे, शिलालेखाचा ठसा पुन्हा तपासायचा, यात वर्षं जातात. शिवाय इतिहासकार आपलं मोठं काम पुस्तकात मांडतो, आणि पुस्तकांतल्या तळटिपा या मोजणीत बऱ्याचशा निसटतात. मराठी ग्रंथातली तळटीप तर विचारूच नका.

याच मुखियांनी पुढे १९९८ मध्ये 'द मिडिव्हल हिस्टरी जर्नल' सुरू केलं. ते षण्मासिक, म्हणजे लेख मोजकेच. मघाच्या काल्पनिक उदाहरणात एकाच लेखाला आणखी ६ संदर्भ मिळाले, तर ०.४ चा आकडा ०.६ होतो. दीडपट! एवढ्यानं नियतकालिक दीडपट चांगलं झालं का?

तुम्ही म्हणाल, आकडाच तो, असेना का. पण यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतला गुणतक्ता बघा. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकातल्या लेखाला ५ गुण, तो १ पेक्षा कमी असला तर १०, १ ते २ असला तर १५. आणि केवळ कला-मानव्यविद्यांच्या सूचीत असलेल्या नियतकालिकांना २०२३ पर्यंत हा आकडा मिळतच नसे! इतिहासाचा तरुण प्राध्यापक या तक्त्यापुढे उभा राहतो तेव्हा लेख कुठे द्यायचा हे विषय ठरवत नाही, तक्ता ठरवतो. मला हे सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

श्रोत्यांतून प्रश्न आलाय: मग मोजूच नये का? मोजावं की. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एक अंक घ्यावा आणि त्यातला एकेक लेख आज कोण वापरतंय ते शोधावं. गुगल स्कॉलरवर पुस्तकंही बरीच सापडतात, मात्र एकच नोंद दोनदा येते, ती गाळायची. मग ती तळटीप उघडून वाचायची. नुसता नामोल्लेख आहे, की त्या लेखामुळे लेखकाला आपलं म्हणणं बदलावं लागलंय? एका अंकाला दोन-तीन दुपारी लागतात.