जिन्यातला दिवा कोणाच्या मीटरवर?

आमच्या घराला दोन मीटर आहेत. दिंडी दरवाज्यातून आत आलं की डाव्या भिंतीवर शेजारी-शेजारी टांगलेले. एक आमचा, एक माडीवरच्या धाकट्या दिरांचा. २०११ साली वाटण्या झाल्या तेव्हा मीटर वेगळे झाले, सिलिंडर वेगळे झाले आणि जिन्यातला दिवा कुणाच्या मीटरवर घ्यायचा यावरून जी काय खडाजंगी झाली म्हणता! शेवटी तो थोरल्यांच्या म्हणजे आमच्या माथी आला. त्यानंतर कितीतरी वर्षं वर-खाली बोलणं सणावारापुरतंच.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दिरांचं कापडाचं दुकान बसलं ते परत उभं राहिलंच नाही. तेव्हा जाऊबाईंनी ट्रंकेतून बी.कॉम.ची मार्कशीट काढली आणि गावातल्या दुकानदारांची जीएसटीची कामं घ्यायला सुरुवात केली. आज त्यांच्याकडे वीस-बावीस गिऱ्हाइकं आहेत आणि खरं सांगायचं तर वरची चूल त्यावरच पेटते. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची शेवटची तारीख २०. चुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि वर गिऱ्हाइकाची बोलणी.

एका २० तारखेला रात्री अकराच्या सुमाराला त्या जिन्यात बसलेल्या दिसल्या. मांडीवर लॅपटॉप, डोळ्यांत पाणी. "ताई, वर रेंजच येत नाही हो. तीन वेळा लॉगिन केलं, तिन्ही वेळा मधेच तुटलं."

आमच्या दिवाणखान्यात इंटरनेट आहे, वायफाय आहे. पण वाडा जुना. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती. वायफाय बिचारं माजघरापर्यंत जाऊन दमतं. पुण्याला इंजिनीअरिंगला असलेल्या पुतण्याला फोन लावला, तर त्यानं चार दिवसांत दोन छोटे डबे पाठवून दिले. मोबाइलच्या चार्जरपेक्षा थोडे थोराड. म्हणाला, "काकू, हे पॉवरलाइन अडॅप्टर. भिंत फोडायला नको, वायर ओढायला नको. घरातल्या विजेच्या तारेतूनच इंटरनेट जाईल."

माझा विश्वास बसेना. विजेच्या तारेतून? पण यात जादू नाही. आपली वीज तारेत सेकंदाला ५० हेलकावे घेते. हा डबा त्याच तारेवर सेकंदाला वीस लाखांपासून तीन कोटींपर्यंत वेळा थरथरणारा एक बारीक संदेश चढवतो आणि पलीकडचा डबा तेवढाच नेमका वेचून घेतो. भजनात मृदंग आणि टाळ एकदम वाजतात, तरी आपल्याला दोन्ही वेगळे ऐकू येतात ना, तसंच. ही युक्तीही काही आजची नाही. घरगुती वापरासाठी तिचं पहिलं मानक २००१ मध्येच आलं होतं.

पहिला डबा मोठ्या हौसेनं एक्स्टेन्शन बोर्डात खोचला. काही उपयोग झाला नाही. पुतण्या फोनवर ओरडला, "काकू, तो स्पाइकवाला बोर्ड आहे! त्यातली जाळी विजेतला खडखडाट गाळते, त्यात आपला संदेशही गाळला जातो. थेट भिंतीच्या प्लगला लावा." लावला. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात छान चाललं. खरं तर दोन्हीच्या लाइनी वेगळ्या, एमसीबीची बटणंही वेगळी. पण त्या मुख्य बोर्डात एकत्र येतात, त्यामुळे संदेश तिथवर जाऊन दुसऱ्या लाइनीनं परत येतो. मिक्सर लावला की वेग पडतो, तेवढं सोडा.

माडीवर मात्र शुकशुकाट. डब्यावरचा लाल दिवा हिरवा व्हायला तयार नाही.

मग आमच्या वायरमनला बोलावलं. त्यानं डबे बघायच्या आधी विचारलं, "काकू, लाइट जाते तेव्हा खालीवर एकदमच जाते का?" जाऊबाई आणि मी एकमेकींकडे बघितलं. नाही! कित्येकदा आमच्याकडे अंधार आणि वर टीव्ही चालू, कधी उलट. (त्यावरूनही पूर्वी मनात काय काय आलेलं आहे, ते सोडा.) "म्हणजे तुमची फेज वेगळी, वरची वेगळी," तो म्हणाला. खांबावरून तीन फेज येतात. तुमचा मीटर एकीवर, त्यांचा दुसरीवर. शेजारी टांगलेले असले म्हणून काय झालं? एका फेजवरचा संदेश दुसरीवर गेला तर उडत-निसटत, नाहीतर नाहीच. दोन्ही मीटर एकाच फेजवर असते तर बहुधा चाललं असतं.

दिरांनी विचारलं, "मग दोन्हीच्या तारा कुठंतरी जोडून टाकू?" वायरमन एकदम कडाडला, "असला विचारही करू नका. दोन फेज एकमेकींना चिकटल्या की जाळ होईल." मैत्रिणींनो, तुमच्याही घरात असा कुणी हौशी असेलच. त्याला बोर्डापाशी फिरकू देऊ नका.

उत्तर सापडलं जाऊबाईंना. जिन्यातला दिवा! तो आमच्याच मीटरवर ना? त्याच बोर्डावर एक पाच अँपिअरचा प्लग आहे, त्यांच्या दारापासून दोन हातांवर. दुसरा डबा तिथं लावला. मिनिटभरात हिरवा दिवा. तिथून लॅनची आखूड वायर दाराच्या फटीतून आत त्यांच्या टेबलापर्यंत.

आणखी दोन गोष्टी सांगून ठेवते. डब्यावर जोडी जुळवायचं बटण असतं, ते दोन्हींवर दाबाच. संदेश मीटरपाशी थांबेलच असं नाही. शेजाऱ्याकडेही असाच डबा असला तर आपलं नेटवर्क वेगळं आणि कुलूपबंद राहायला हवं. आणि खोक्यावर छापलेल्या वेगावर जाऊ नका. आमच्या खोक्यावर ६०० लिहिलंय, हाती येतं त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. जीएसटीला तेवढं रग्गड झालं. नवं घर बांधत असाल तर मात्र भिंतींतून लॅनची वायरच घालून घ्या, ती याहून केव्हाही चांगली.

एक अडचण राहिलीच. आमचा इन्व्हर्टर फक्त दिवाणखान्यापुरता आणि माजघरापुरता, जिना त्यावर नाही. त्यामुळे लाइट गेली की जिन्यातला डबा बंद. गेल्या महिन्यात नेमकी २० तारखेलाच गेली. दहा मिनिटांनी जाऊबाई लॅपटॉप आणि फायलींचा गठ्ठा घेऊन खाली आल्या. "ताई, सहा रिटर्नं राहिलीत." मी डायनिंग टेबलवरचा भाजीचा पसारा आवरला आणि चहाचं आधण ठेवलं. बारा वाजायला वीस मिनिटं असताना सहावं गेलं.

जिन्याच्या दिव्याचं निम्मं बिल त्या आता दर महिन्याला आणून देतात. मी नको म्हणते, तरी फ्रिजवर ठेवून जातात.