एसटीत सांगता येणारा सिनेमा

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतला सिनेमा बघायचा म्हणजे आधी बूड टेकायला एखादं पोतं पैदा करावं लागे. मार्गशीर्षातली थंडी, खाली गार जमीन, मधे कनात; अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. आम्ही कोरेगावहून एसटीनं जायचो. एका वर्षी वाटेत आत्यानं विचारलं, "कुठला शिनेमा हाय रं?" थोरला भाऊ म्हणाला, "एक भटक्या असतो, त्याला एक आंधळी पोरगी भेटती." "आन् मग?" म्हणून आत्या सावरून बसली.

तो 'जगाच्या पाठीवर', १९६० सालचा. दिग्दर्शक राजा परांजपे, भटक्याही तेच, आणि आंधळी मुलगी सीमा देव. राजाभाऊंची गोष्ट सांगायची रीत भावाच्या त्या एका वाक्यात पुरी सापडते. त्यांचा कुठलाही नावाजलेला सिनेमा घ्या, एसटीत शेजारच्याला एका दमात सांगता येतो. लाख रुपये ठरल्या मुदतीत उडवून दाखव, तर पोरगी देतो: 'लाखाची गोष्ट'. एक वेडा शहाण्यांच्या घरात शिरतो आणि घर ताळ्यावर आणतो: 'पेडगावचे शहाणे'. वेड घेऊन पेडगावला जाणाऱ्यांची आपली म्हण त्यांनी नावातच उलटी करून टाकली. हे दोन्ही १९५२ चे. 'पाठलाग'मध्ये (१९६४) वकिलाची बायको वारलेली, आणि आरोपीच्या पिंजऱ्यातली बाई म्हणते, तुमची बायको मीच. दोन वर्षांनी हिंदीत त्याचा 'मेरा साया' झाला.

यातली मेख अशी की अचाट गोष्ट एकच, आणि ती सुरुवातीलाच कबूल करून घ्यायची. त्यानंतर सगळं घरगुती. लाख रुपये खर्चायचे ही थाप एकदा गिळली की पुढं आपणच हिशेब करायला लागतो. बाजारात मेथीच्या जुडीवर चार आण्यांसाठी घासाघीस करणाऱ्या माणसाला पैसे संपवण्याची घाई बघताना जे हसू येतं, ते विनोदी वाक्यावर येत नाही, सवयीवर येतं. 'पेडगावचे शहाणे'मधली माणसं मात्र मला जरा फारच पटापट सुधारल्यासारखी वाटतात. असो.

राजाभाऊ १९१० साली मिरजेत जन्मले. पटकथा, संवाद, गाणी लिहिणारे ग. दि. माडगूळकर शेटफळ्याचे. 'लाखाची गोष्ट'मधला नायक राजा गोसावी तर आमच्या शेजारच्या, खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचा. पुण्याच्या भानुविलास थिएटरात ते नोकरीला होते आणि स्वतःच्याच सिनेमाची तिकिटं त्यांनी खिडकीतून विकली, असं सांगतात. या किश्श्यावरही राजाभाऊंनी सिनेमा काढला असता! मिरजेची गाडी कऱ्हाड, रहिमतपूर घेत कोरेगावात येते. हा सगळा आसपासचाच गोतावळा. म्हणून त्या संवादांत आम्हाला कधी परकं वाटलं नाही.

गोष्टी मात्र सगळ्या इथल्या मातीतल्या नव्हेत. पैसा उडवण्याच्या अटीची कल्पना १९०२ च्या 'ब्रूस्टर्स मिलियन्स' या अमेरिकी कादंबरीत आहे. तिच्यावर तिकडे अनेकदा सिनेमे निघाले. भटक्या आणि आंधळी मुलगी म्हटलं की चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' (१९३१) आठवतोच. 'ऊन पाऊस'मध्ये (१९५४) म्हाताऱ्या मास्तरांची आणि त्यांच्या बायकोची मुलं वाटणी करतात. लिओ मॅकॅरीच्या 'मेक वे फॉर टुमॉरो'मध्ये (१९३७) तेच दुखणं आहे, आणि त्याचाच धागा जपानच्या ओझूच्या 'टोकियो स्टोरी'त (१९५३) उतरला. एकच दुखणं टोकियोत आणि पुण्यात वर्षाच्या अंतरानं पडद्यावर आलं. याला कुणी उचलेगिरी म्हणतात. मी म्हणत नाही. शेजारणीकडून विरजण आणलं म्हणून दही तिचं होत नाही.

'सिटी लाइट्स' शेजारी ठेवला की हे नीट दिसतं. बोलपट आले होते तरी चॅप्लिननं तो मूकच ठेवला. सगळी भिस्त चेहऱ्यावर आणि हातांवर. राजाभाऊंनी नेमकं उलट केलं. आंधळ्या मुलीचं जग कानांचं, म्हणून तिची गोष्ट गाण्यांतून जायला हवी. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके हाताशी होतेच. आपल्या सिनेमात गाणं बऱ्याचदा गोष्ट थांबवून येतं. इथं गाण्यावाचून गोष्टीचं पाऊल पुढं पडत नाही. चॅप्लिनपासून निघून चॅप्लिनच्या अगदी विरुद्ध टोकाला पोचायचं, ही मला राजाभाऊंची खरी कमाई वाटते.

त्या रात्री आत्याला जागा मिळाली ती तंबूच्या खांबाआड. रीळ बदलताना दिवे लागले की ती मान वाकडी करून आमच्या बाजूला बघायची. निम्मा पडदा तिला दिसलाच नव्हता. परतीच्या एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "काय व्हतं आज?" आत्यानं कोरेगाव येईपर्यंत सगळा सिनेमा सांगितला. थोरला भाऊ एकदाही "तसं नव्हतं" म्हणाला नाही.