नावापुढची तीन अक्षरं

१८ मार्च २०२३. मडगावच्या फातोर्डा मैदानावर एटीके मोहन बागान संघाने पेनल्टी शूटआउटमध्ये बेंगळुरू एफसीला हरवून इंडियन सुपर लीगचा करंडक जिंकला. त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी जाहीर केलं, की पुढच्या हंगामापासून नावातलं ‘एटीके’ निघेल. कोलकात्यातल्या समर्थकांसाठी करंडकाइतकीच मोठी बातमी होती ती.

हा क्लब १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कोलकात्यात सुरू झाला. मित्र कुटुंबाच्या ‘मोहन बागान व्हिला’ या वाड्यावरून त्याला नाव मिळालं. खरी ओळख मिळाली ती २९ जुलै १९११ ला. आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, म्हणजे राज्यकर्त्यांचं सैन्य. मोहन बागानच्या अकरांपैकी दहा जण अनवाणी. बूट घातलेले एकटे सुधीर चटर्जी. पहिला गोल गोऱ्यांनी केला. मग कर्णधार शिबदास भादुडींनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांच्या गोलने सामना २-१ असा जिंकला. बंगालची फाळणी होऊन सहा वर्षं झाली होती, लोकांच्या मनात ती जखम ओलीच होती. मैदानावर एवढी झुंबड, की मागच्यांना चेंडू दिसेना. त्यांना स्कोअर कळावा म्हणून पतंग उडवले गेले, असं सांगतात. आजही २९ जुलै हा ‘मोहन बागान दिन’ म्हणून साजरा होतो.

पुढे १९२० मध्ये ईस्ट बंगाल क्लब निघाला आणि शहर दोन रंगांत वाटलं गेलं. एकीकडे पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ‘घोटी’, हिरवा-मरून झेंडा आणि कोळंबी. दुसरीकडे पूर्व बंगालमधून आलेले ‘बांगाल’, लाल-पिवळा झेंडा आणि हिलसा मासा. या वैराची काळी बाजूही विसरता येत नाही. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात हाणामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक मेले. ते सामना बघायला घराबाहेर पडले होते, एवढाच त्यांचा गुन्हा.

मालकीचा प्रश्न आला तो व्यावसायिक लीगबरोबर. क्लब सभासदांचा, पण खेळाडूंचे पगार, परदेशी प्रशिक्षक, प्रवास हे सगळं सभासदांच्या वर्गणीत बसेना. १९९८ मध्ये यूबी समूहाने फुटबॉल संघाच्या कंपनीत निम्मा हिस्सा घेतला आणि संघ ‘मॅकडॉवेल मोहन बागान’ म्हणून उतरू लागला. गंमत अशी, की ईस्ट बंगालच्या नावापुढेही त्याच समूहाचं ‘किंगफिशर’ लागलं. तेव्हा लोकांनी ते प्रायोजकाचं नाव म्हणून चालवून घेतलं.

२०२० मध्ये गोष्ट वेगळी होती. सुपर लीगमध्ये जाण्यासाठी मोहन बागानने फुटबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा गोएंकांच्या आरपीएसजी समूहाला दिला; २० टक्के क्लबकडे राहिले. हिरवा-मरून रंग आणि शिडाच्या होडीचं चिन्ह कायम राहिलं. पण याच समूहाचा एटीके हा सहा वर्षांपूर्वी जन्मलेला संघ होता, आणि त्याचं नाव मोहन बागानच्या डोक्यावर येऊन बसलं. समर्थक खवळले. ‘रिमूव्ह एटीके’चे फलक लागले, निदर्शनं झाली, आपल्याच संघाच्या सामन्यांवर बहिष्काराची हाक दिली गेली. ८० टक्के मालकी असलेल्या उद्योगसमूहाला अखेर हा हट्ट मानावा लागला, आणि संघ ‘मोहन बागान सुपर जायंट’ झाला. ‘सुपर जायंट’ही समूहाचंच, तेव्हा तडजोड दोन्हीकडून झाली. पण मोहन बागान पुढे आलं.

मालकाच्या पैशाला मी नावं ठेवणार नाही. २०२४-२५ मध्ये संघाने लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, ते त्या पैशाशिवाय अवघड होतं. पण पैसा संघ उभा करतो, क्लब नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या बलात्कार-हत्येनंतर ड्युरंड कपमधला मोहन बागान-ईस्ट बंगाल डर्बी सामना सुरक्षेचं कारण देऊन रद्द झाला. तरी दोन्ही क्लबचे समर्थक सॉल्ट लेक मैदानाबाहेर जमले, न्याय मागायला. हाडवैरी एकमेकांच्या खांद्यावर बसून घोषणा देत होते. हे कोणत्याही भागभांडवलाच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे याच्या उलट घडलं. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली होती. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद करायचं ठरवलं आणि तो बंद झाला. चांगले खेळाडू होते, चांगलं व्यवस्थापन होतं. तो निर्णय फिरवायला लावतील एवढे समर्थक मात्र नव्हते. म्हणून मुंबईकरांना एक सांगणं आहे: अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटीचा सामना असेल तेव्हा तिकीट काढा, पोरांना बरोबर न्या, आणि संघ हरत असतानाही जात राहा.