महिदपूरचे ऊन

इंदूर राजधानी झाले ते १८१८ साली, आणि त्यामागे महिदपूर होते, हे आपल्या घरांतील लहान मुलासही ठाऊक असते. राजवाड्याची, छत्र्यांची छायाचित्रे आपल्या दिवाणखान्यांत पिढ्यानपिढ्या टांगलेली आहेत. राजा दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती घेतला तोही याच शहरात. महिदपूरचे चित्र मात्र मी कोणाच्याही भिंतीवर पाहिले नाही. पराभवाचे चित्र कोण लावणार, असे म्हणता येईल. मला ते पटेना. म्हणून गेल्या २१ डिसेंबरला पहाटेच कॅमेरा व तिपाई घेऊन उज्जैनवरून महिदपूर गाठले.

तारीख मुद्दाम निवडली होती. १८१७ साली याच दिवशी हिस्लॉप आणि माल्कम यांच्या फौजा क्षिप्रेचा उतार ओलांडून होळकरांच्या तोफांवर चालून आल्या. या दिवसांत सूर्य वर्षातील सर्वांत खालून जातो. महिदपुरास भर दुपारीसुद्धा माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. तेव्हा जसे ऊन पडले असेल तसेच आजही पडते, हे मनात आले आणि क्षणभर हात थांबला. अशा कललेल्या उन्हात जमिनीची प्रत्येक वळी उमटते. नदीकाठच्या घळी काळ्या रेघांसारख्या दिसतात. शत्रूच्या पलटणींनी तोफांच्या माऱ्यातून आसरा घेतला तो अशाच घळींत. त्यांपलीकडे हरभरा, गहू आणि एखाददुसरा बगळा. आभाळ अगदी थोडे ठेवून सारी चौकट मी जमिनीलाच दिली.

बरोबरच्या स्नेह्यांनी सुचविले, की पुढे एखादी जुनी तलवार ठेवावी, म्हणजे पाहणाऱ्यास अर्थ कळेल. मला क्रिमियाच्या युद्धातील रॉजर फेंटनची गोष्ट आठवली. १८५५ साली त्याने एकाच दरीची दोन चित्रे घेतली: एकात तोफेचे गोळे रस्त्यावर विखुरलेले, दुसऱ्यात रस्ता मोकळा. गोळे मागाहून मांडले असावेत, असे अभ्यासक मानतात. मला मोकळा रस्ताच अधिक भयाण वाटतो. तलवार गाडीतच राहिली.

आदल्याच दिवशी तुळसाबाईंचा वध झालेला, गादीवर अकरा वर्षांचे मल्हारराव, आणि गफूरखानाविषयी आपल्या घरांतून काय बोलले जाते ते वाचकांस सांगावयास नको. तरीही इंग्रजांकडील सुमारे ८०० माणसे ठार वा जखमी झाली. गोलंदाज शेवटपर्यंत तोफांपासून हलले नाहीत, हे शत्रूनेच लिहून ठेवले आहे. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला.

घरी आल्यावर चित्र आत्याला दाखविले. आमचे एक पूर्वज त्या लढाईहून परतले नाहीत, एवढेच घरात सांगतात. नावही कोणास आठवत नाही. चित्र सुंदर आहे, असे ती म्हणाली नाही. चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिली.

“अरे, उताराशी पाणी केवढे होते?”

“गुडघाभर, आत्या.”

“एवढेच?” असे म्हणून तिने चित्र देवघराशेजारच्या कोनाड्यात नेऊन ठेवले.