गोधडीचे गणित : पन्हा, माया आणि मीटर

पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब गोधडीच्या वरच्या थरासाठी ४४ इंच पन्ह्याचे किती कापड आणावे? शाळेत शिकविलेला क्षेत्रफळाचा हिशेब सांगतो, सव्वातीन मीटरच्या आत. हेच कापड चौकोनी तुकडे कापून जोडायला घेतले, तर प्रत्यक्षात चार मीटरहून अधिक लागते. ही तफावत कापडाच्या दर्जामुळे पडत नाही, ती हिशेबातून सुटलेल्या गोष्टींमुळे पडते. नव्या कापडाची गोधडी शिवणाऱ्यांना आणि त्यावर चार पैसे मिळवू पाहणाऱ्या महिलांना हा हिशेब नेमका यावा लागतो.

साडी हेच माप

जुन्या साड्यांच्या गोधडीत ही अडचण फारशी येत नसे. साडी हेच तेथे तयार माप होते. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. नऊवारीचे चार समान भाग केले, की प्रत्येक भाग ८१ इंचांचा होतो. साडीचा पन्हा सुमारे ४५ इंच धरला आणि दोन-दोन भाग काठाला काठ लावून जोडले, तर ८१ बाय ९० इंचांचे दोन थर मिळतात. भागाकार घडीनेच होतो, टेप लागत नाही. शिवाय वर्षानुवर्षे धुतलेले सुती कापड जेवढे आटायचे तेवढे आधीच आटलेले असते.

बारा बोटांची वीत, दोन वितींचा हात आणि दोन हातांचा वार, ही मोजणीही याच व्यवहारातली. मात्र प्रत्येकाची वीत वेगळी. वितीमागे अर्ध्या इंचाचा फरक असेल, तर दहा विती मोजताना तो पाच इंचांवर जातो. म्हणूनच आपली वीत किती इंचांची आहे, हे टेपने एकदा मोजून ठेवणे सोयीचे. मग दुकानातही अंदाज चुकत नाही.

मीटर आणि इंच

देशात १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली गेली. कापड मीटरवर विकले जाऊ लागले, पण पन्हा इंचांतच सांगितला जातो. दुकानातल्या एकाच व्यवहारात अशी दोन मापे एकत्र येतात. म्हणून सर्व हिशेब आधी इंचांत पूर्ण करावा आणि शेवटी एकदाच २.५४ने गुणून सेंटिमीटर काढावेत. मधल्या प्रत्येक पायरीला रूपांतर केले, तर दर वेळी थोडी थोडी चूक साठत जाते.

इंचाचा हिशेब पाव, अर्धा, पाऊण अशा अपूर्णांकांनी चालतो. पूर्वी पाठ करून घेतले जाणारे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकीचे पाढे येथे आजही उपयोगी पडतात.

मायेचा हिशेब

शिवणीसाठी कडेला सोडलेल्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. शिवल्यानंतर सहा इंचांचा चौकोन हवा असेल आणि प्रत्येक बाजूस पाव इंच माया ठेवायची असेल, तर तुकडा साडेसहा इंचांचाच कापावा लागतो. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीत आडवे १० आणि उभे १५, असे १५० चौकोन बसतात. माया विसरून ते सहा-सहा इंचांचे कापले, तर प्रत्येक चौकोन शिवणीनंतर साडेपाच इंचांचा उरतो आणि गोधडी ५५ बाय साडेब्याऐंशी इंचांची होते. ती रुंदीत पाच आणि लांबीत साडेसात इंच कमी पडते.

आता कापड किती लागेल ते पाहू. ४४ इंच पन्ह्यातून दोन्ही किनारी वगळल्या, की वापरण्याजोगे सुमारे ४२ इंच उरतात. त्यात साडेसहा इंचांचे सहाच तुकडे बसतात आणि उरलेली तीन इंचांची पट्टी चौकोनांसाठी निरुपयोगी ठरते. १५० तुकड्यांना २५ पट्ट्या लागतात. पंचवीस सक दीडशे, त्यात पंचविसाचे निम्मे साडेबारा मिळवले, की एकशे साडेबासष्ट इंच होतात. म्हणजेच ४.१३ मीटर. क्षेत्रफळाचा हिशेब मात्र ३.१२ मीटरच सांगतो, कारण त्यात मायाही नसते आणि वाया जाणारी पट्टीही नसते.

नवे सुती कापड धुतल्यावर आटते. पाच टक्के आटेल असे धरले, तर ४.१३ला ०.९५ने भागावे लागते. उत्तर सुमारे ४.३५ मीटर येते. साडेचार मीटर घेतलेले बरे. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापावे.

अस्तर आडवे की उभे?

अस्तर चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठे ठेवायचे, तर ते ६४ बाय ९४ इंचांचे हवे. ५८ इंच पन्ह्याचे कापड उभे लावले, तर ९४ इंचांचे दोन तुकडे म्हणजे १८८ इंच लागतात. तेच आडवे लावले, तर ६४ इंचांचे दोन तुकडे, म्हणजे १२८ इंच पुरतात. फक्त दिशा बदलून सुमारे दीड मीटर कापड वाचते. ४४ इंच पन्ह्यात मात्र हा फायदा होत नाही. तेथे आडवे लावताना तीन तुकडे, म्हणजे १९२ इंच लागतात. थोडक्यात, पन्हा बदलला की हिशेब नव्याने मांडावा लागतो.

मजुरी लांबीवर नव्हे

हिशेब चुकल्याचा सर्वाधिक फटका मजुरीत बसतो. गोधडीवरच्या धावदोऱ्याची एकूण लांबी काढणे सोपे आहे : क्षेत्रफळाला दोन ओळींमधल्या अंतराने भागायचे. ६० बाय ९० म्हणजे ५,४०० चौरस इंच. ओळींमध्ये एक इंच अंतर असेल, तर ५,४०० इंच, म्हणजे सुमारे १३७ मीटर धावदोरा घालावा लागतो. अंतर अर्धा इंच केले, तर हेच काम २७४ मीटरवर जाते. ओळी सरळ घाला किंवा कडेपासून आत चौकटी-चौकटीने घाला, लांबी जवळपास तेवढीच राहते.

बाळाची ३० बाय ४५ इंचांची गोधडी मोठीच्या निम्मी दिसते, पण तिचे क्षेत्रफळ मोठीच्या पाव आहे. ओळींमधले अंतर तेच राहिले, तर मोठीला चौपट टाके पडतात. ‘दुप्पट माप, दुप्पट मजुरी’ असे ठरविणाऱ्या महिलेचे निम्मे श्रम फुकट जातात. आकार आणि ओळींमधले अंतर, या दोन्ही गोष्टी विचारूनच दर सांगणे तिच्या हिताचे आहे.

हे गणित कागदाच्या एका बाजूवर मावते. कापडाला कात्री लावण्यापूर्वी आणि गिऱ्हाइकाला किंमत सांगण्यापूर्वी ते मांडले, तर कापडही पुरते आणि मेहनतीचे मोलही हाती येते.