पीएस-फोर बदलायचा की ठेवायचा?

नाशिकच्या सिडकोत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. टीव्हीच्या जोडीला हल्ली गेमचे कन्सोलही येतात, आणि घेऊन येणाऱ्या आईबापांचा प्रश्न ठरलेला: "दादा, हा गेला का? पोरगं पीएस-फाइव्ह मागतंय."

मी त्यांच्यादेखतच झाकण उघडतो. पंख्यावर धुळीचा जाड थर. पीएस-फोरचा, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन-फोरचा, पॉवर सप्लाय डब्याच्या आतच असतो, तिथे ऊब मिळते, म्हणून झुरळांनी बिऱ्हाड केलेलं. चिपची उष्णता हीटसिंककडे पोहोचवणारी पेस्ट वाळून खपलीसारखी सुटते. मग चिप तापते, पंखा घरघरायला लागतो आणि शेवटी मशीन स्वतःच्या जिवासाठी बंद पडतं. यालाच लोक 'गेला' म्हणतात. बऱ्याचदा धूळ काढली, नवी पेस्ट लावली की काम झालं.

नाशिकची थंडी कन्सोलला मानवते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि आपण कन्सोल टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबून ठेवतो, तिथे घात होतो. दुसरा शत्रू म्हणजे लाइट. गेम सेव्ह होताना लाइट गेली की हार्डडिस्कवर बेतू शकतं. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस लावा. डिस्क गेलीच तरी घाबरू नका. लॅपटॉपची अडीच इंची डिस्कच त्यात बसते. एसएसडी टाकली तर लोडिंगही लवकर होतं.

कॅसेटवाले जुने व्हिडिओ गेम तर अजून चालू अवस्थेत येतात. त्यांत फिरणारं काही नाही, तापणारं फारसं काही नाही. (कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात.) डिस्कवाल्यांची लेन्स मात्र झिजते. तरी २००० साली आलेला पीएस-टू कंपनीने बारा वर्षं बनवला.

मशीन टिकतं, आधी आटतो तो गेमचा पुरवठा. आपल्याकडे पीएस-फोर जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० रुपयांना आला, पीएस-फाइव्ह फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला. त्यानंतरही, २०२२ मध्ये, 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' दोन्हींवर आला. २०२३ चा 'स्पायडर-मॅन टू' मात्र पीएस-फोरला मिळाला नाही, आणि जीटीए-सिक्सही फक्त पीएस-फाइव्ह आणि नव्या एक्सबॉक्ससाठी जाहीर झालाय. ऑनलाइन दुकानांचंही तसंच: एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये बंद झालं.

म्हणून मी पोरालाच विचारतो, "कुठला गेम खेळायचाय?" क्रिकेट, फुटबॉल, जुना जीटीए असं उत्तर आलं तर आईला सांगतो, ताई, सर्व्हिसिंग करा आणि पैसे राखा. नव्यावरच येणारा गेम हवा असेल तर हट्ट रास्त आहे. पण घरात डिस्कचा गठ्ठा असेल तर ड्राइव्हवालाच पीएस-फाइव्ह घ्या; पीएस-फोरच्या जवळजवळ सगळ्या डिस्क त्यावर चालतात, पीएस-थ्रीच्या नाहीत. ड्राइव्ह नसलेला स्वस्त पडतो, पण ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता आला नाही तर सगळा गठ्ठा रद्दीत जातो.

आणि जुना विकताना आपलं अकाउंट काढून सगळा डेटा पुसा. अकाउंट तसंच राहिलं आणि त्याला पासवर्डचं कुलूप नसलं, तर घेणाऱ्याचं पोरगं तुमच्या पैशांवर गेम विकत घेऊ शकेल.