किरकोळ दुखण्यांचा ढीग

आपल्या वस्तीत कोणालाही 'तब्येत कशी आहे?' असे विचारून पाहा. 'बरी आहे, चाललंय' हेच उत्तर मिळेल. मग दहा मिनिटे बसावे. हळूहळू कळू लागते की गुडघे दुखतात, छातीत जळजळते, पायांना मुंग्या येतात, रात्री झोप लागत नाही आणि बीपीची गोळी 'डोके दुखले की' घेतली जाते. यातले एकही दुखणे माणसाला खाटेला खिळवणारे नाही. म्हणून त्याला आजार म्हणायचे नाही, असा आपल्याकडे अलिखित नियमच झाला आहे. हा नियम आम्हाला मान्य नाही. एक दुखणे किरकोळ असेल, पण पाच किरकोळ दुखणी एकाच देहात दहा वर्षे राहिली, तर त्यांची बेरीज किरकोळ राहत नाही.

आमच्या विहारात नियमित येणाऱ्या एक मावशी आहेत. एका कंपनीत ठेकेदारामार्फत साफसफाईचे काम करतात. मध्यंतरी पौर्णिमेच्या वंदनेनंतर त्यांनी पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या आणि 'यातली जेवणाआधीची कोणती?' असे विचारले. नऊ पट्ट्या होत्या. विहारात येणारी एक मुलगी फार्मसी शिकते. तिने पट्ट्या उलटून बारीक अक्षरे वाचली. दोन पट्ट्या दोन वेगळ्या नावांच्या, पण आत औषध एकच, डायक्लोफेनॅक! एक गुडघ्यासाठी एका डॉक्टरांनी दिलेली, दुसरी कंबरेसाठी दुसऱ्यांनी. मावशी दोन्ही घेत होत्या.

यात दोष मावशींचा नाही. पण पुढे जे घडते ते प्रत्येकाने समजून घ्यावे. अशी वेदनाशामक गोळी रोज घेतली की पोटात जळजळ होते, त्यासाठी आम्लपित्ताची गोळी सुरू होते. हीच वेदनाशामक गोळी रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडावर ताण आणते. रक्तदाब वाढला की अम्लोडिपिन सुरू होते. अम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते. सूज पाहून कोणी लघवी जास्त होण्याची गोळी देतो. ती संध्याकाळी घेतली की रात्रभर उठावे लागते, झोप जाते, सकाळी अंग मोडून येते आणि दुखणाऱ्या अंगासाठी पुन्हा वेदनाशामक गोळी! सुरुवात गुडघ्यापासून झाली होती, हे आता कोणालाच आठवत नाही. पायांच्या मुंग्यांचेही तसेच. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताची गोळी, दोन्ही वर्षानुवर्षे घेतल्या तर शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही मुंग्या येतात. आपण मात्र 'शुगरमुळे होतंय' म्हणून गप्प बसतो. रक्ताची एक तपासणी केली तर खरे काय ते कळू शकते.

हे वाचून कोणी आजच गोळ्या बंद करू नयेत. बीपीची, शुगरची गोळी मनाने सोडणे हे दोन पट्ट्या एकत्र घेण्याइतकेच वाईट. आमचे म्हणणे एवढेच की सगळ्या दुखण्यांकडे एकत्र पाहणारा माणूस कोणीतरी हवा. सध्या तो कोणीच नाही.

सरकारी रुग्णालयात जा. हाडांची ओपीडी एका दिवशी, त्वचेची दुसऱ्या दिवशी, डोळ्यांची तिसऱ्या. केसपेपर निराळा, रांग निराळी. रोजंदारीवरच्या बाईने चार दुखण्यांसाठी चार खाडे करायचे? ती एकच खाडा करते, सर्वांत जास्त ठणकणारे दुखणे दाखवते आणि बाकीची घरी आणते. मग कोपऱ्यावरचा मेडिकलवाला, एखादे तेल, एखादी पुडी. वेदना एका दिवसात पळवणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. गुडघा थांबतो आणि साखर चढते. गंडेदोरे तोडून टाकलेला आपला समाज या पुड्यांच्या नादी लागतो, याचे आम्हाला वाईट वाटते. मधुमेह, संधिवात, रक्तदाब बरा करण्याच्या जाहिराती करण्याला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या छापल्या जातात. छोट्या वृत्तपत्रांना जाहिरात हवीच असते, हेही आम्ही जाणतो. पण म्हणून डोळे मिटावेत का?

शासन म्हणेल, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे ना! आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेला तिचा मोठा आधार आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. रोजची जळजळ, रोजचा गुडघा, रोजची मुंगी तिच्या यादीत कुठे बसणार? गरिबाचा पैसा महिन्याला थोडा थोडा करून जातो तो इथेच.

बाह्यरुग्ण उपचार आणि औषधे, तीही कुटुंबासह, ज्या योजनेत आहेत ती कामगार राज्य विमा योजना. तिची पायाभरणी कोणाच्या काळात झाली, हे या दैनिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये कायदा झाला. आजारी कामगाराने मालकाच्या दयेवर अवलंबून राहू नये, उपचार हा त्याचा हक्क असावा, हा त्यामागचा विचार. २०१७ मध्ये या योजनेची वेतनमर्यादा महिना २१ हजार रुपये झाली. २०१९ मध्ये कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के ठरला. मावशींना विचारले, 'तुमच्या पगारातून कापतात का?' त्या म्हणाल्या, 'काहीतरी कापतात बाबा, कशाचं ते ठेकेदाराला ठाऊक.' कार्ड त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. बाबासाहेबांच्या काळात आकार घेतलेला हक्क ठेकेदाराच्या कपाटात पडून असेल, तर जयंतीच्या मिरवणुकीत कितीही मोठा डीजे लावून काय उपयोग?

आता एक अवघड विषय. आपले जुने कार्यकर्ते अंगावर दुखणे काढण्याला त्याग समजतात आणि त्यासाठी बाबासाहेबांचा दाखला देतात. तो दाखला अर्धा आहे. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या नसांच्या वेदना होत्या, पुढे दृष्टीही मंदावली. १९५४ मध्ये ते काही महिने अंथरुणावर होते. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिले. प्रकृतीची काळजी वाटते, डॉक्टर महिनाभराच्या सलग उपचाराचा आग्रह धरत आहेत, म्हणून हिंदू कोड बिल लवकर मार्गी लावावे, असा त्याचा आशय होता. हिंदू कोड बिलासाठी त्यांनी स्वतःचा उपचार मागे ठेवला, हे खरे. पण त्याच पत्रात दुखणे लपवलेले नाही, डॉक्टरांचे म्हणणे देशाच्या पंतप्रधानाला लिहून कळवलेले आहे. ते इन्शुलिन घेत होते, पथ्य पाळत होते, आणि माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. आपण मात्र बायकोलाही सांगत नाही!

आणि तथागतांचे काय? दीघनिकायातल्या संगीति सुत्तात पाठ दुखते म्हणून त्यांनी सारिपुत्ताला धम्मकथा सांगायला बसवले आणि स्वतः आडवे झाले. बुद्धाला पाठ टेकता येते, मग आपल्या शाखाध्यक्षाला का येऊ नये?

मावशींच्या बाबतीत पुढे काय झाले ते सांगतो. त्या मुलीने शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर सर्व दुखणी, कधीपासून ते. दुसऱ्या पानावर गोळ्या, कंपनीचे नाव नव्हे तर आतल्या औषधाचे नाव, कोणी दिली आणि कशासाठी. तिसऱ्या पानावर बीपी आणि साखर, तारखेसह. ही वही आणि सगळ्या पट्ट्या घेऊन मावशी एकाच डॉक्टरकडे गेल्या. एका खाड्यात. डॉक्टरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग वही वाचली. नवापैकी चार गोळ्या त्यांनी स्वतः थांबवल्या, एकीची वेळ रात्रीवरून सकाळवर आणली, बी-१२ तपासायला सांगितले आणि गुडघ्यासाठी मांडीचे दोन व्यायाम दाखवले. गुडघा पूर्ण थांबलेला नाही, थांबणारही नाही कदाचित. पण झोप लागते. 'आधी कोणतं दुखणं आवरू, ते तुम्हीच सांगा,' असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा मावशींनी गुडघा नव्हे, झोप सांगितली होती. आजवर त्यांना असे कोणी विचारलेच नव्हते.

विमा कार्डाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ठेकेदार पगाराची स्लिप देत नाही. युनियनचे दोन कार्यकर्ते सोमवारी मावशींसोबत विमा महामंडळाच्या कार्यालयात जाणार आहेत. विहारातल्या आणखी सात बायकांनी आपापल्या पिशव्या घेऊन रविवारी सकाळी वंदनेनंतर बसायचे ठरवले आहे. वह्या आम्ही आणतो आहोत.